पान मागितल्यावर सर्व्हर काय करतो?



आजचा विषय ऐकून कित्येकांस असे वाटण्याचा संभव आहे की, हा प्रांत संगणकाच्या पदवीधरांचा. सामान्य गृहस्थाला त्याच्याशी काय कर्तव्य? परंतु पालघर, बोईसर, तारापूर ह्या आमच्या भागात आज असे घर विरळाच, की ज्यातील कोणी ना कोणी महिन्यातून एकदा तरी एखाद्या संकेतस्थळाच्या दारात तिष्ठत उभे राहत नाही. मुलीचा प्रवेश-अर्ज, परीक्षेचा निकाल, सातबाराचा उतारा, रेल्वेचे तिकीट, ही सर्व कामे आता पडद्यावरच होतात. बोट टेकविल्यापासून पान उमटेपर्यंत जो अल्पसा काळ जातो, त्यात पलीकडे काय घडते हे समजून घेण्यास उच्च गणिताची जरुरी नाही. मी जन्मभर फळ्यापुढे उभा राहिलेला मनुष्य आहे. ही विद्या मला माझ्याच जुन्या विद्यार्थ्यांनी शिकविली. तेव्हा ती मी शिक्षकाच्या भाषेतच सांगणार, हे उघड आहे.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. पालघर स्टेशनावर भिंतीला लावलेले वेळापत्रक असते, आणि चौकशीची खिडकीही असते. वेळापत्रक एकदा छापले की येईल त्याला तेच दिसते. खिडकीतील कारकून मात्र विचारणाऱ्याचा प्रश्न ऐकतो, वही चाळतो, आणि त्या माणसापुरते उत्तर त्या क्षणी तयार करून देतो. संकेतस्थळाची पानेही अशीच दोन जातींची असतात. काही लिहून ठेवलेली, तशीच्या तशी पाठविली जाणारी; आणि काही मागणी आल्यावर घडविली जाणारी. दुसऱ्या जातीचे पान कसे घडवावे, ह्याच्या ज्या लेखी सूचना सर्व्हरवर ठेवलेल्या असतात, त्यांना इंग्रजीत स्क्रिप्ट म्हणतात. नाटकाच्या स्क्रिप्टला आपण संहिता म्हणतो. तोच शब्द मी येथे वापरतो.

संहिता लिहिण्याच्या भाषा पुष्कळ आहेत. त्यांपैकी पीएचपी ही आज सर्वांत अधिक पसरलेली असल्याने मी मुख्यतः तिच्याविषयीच बोलेन. ग्रीनलंडात जन्मलेले रास्मुस लेर्डोर्फ ह्यांनी आपली स्वतःची माहिती देणारे पान कोण कोण पाहून जाते हे कळावे, एवढ्याच हेतूने १९९४ साली काही लहान साधने रचली, आणि १९९५ च्या जूनमध्ये ती सर्वांसाठी खुली केली. नवी भाषा निर्माण करावी अशी त्यांची प्रतिज्ञा नव्हती. पुढे इस्राएलमधील झेएव सुरास्की आणि अँडी गुटमन्स ह्या दोन विद्यार्थ्यांनी तिचा गाभा नव्याने लिहिला. तिची तिसरी आवृत्ती १९९८ साली निघाली. चौथी २००० साली आली, तीत एक मूलगामी फरक होता. तोपर्यंत यंत्र संहिता वाचीत वाचीतच तिची अंमलबजावणी करी. आता आधी सर्व संहितेचे भाषांतर करावयाचे आणि मग ती चालवावयाची, असा क्रम ठरला.

भाषांतर कशाचे व कशात? संहिता ही माणसाला वाचता यावी अशा शब्दांत लिहिलेली असते. यंत्राला त्यातील अक्षरही कळत नाही. ‘पालघर’ हा शब्द किती लांबीचा, असे पीएचपीला साध्या रीतीने विचारले तर ती १५ असे उत्तर देते! शाळेतील मूल पा, ल, घ, र अशी चार अक्षरे मोजील. परंतु संगणकात काना हे वेगळे चिन्ह धरून पाच चिन्हे होतात, आणि नित्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन घरे अडविते. अशा ह्या यंत्राकडून काम करून घ्यावयाचे, तर मजकुराची फोड करणे अटळ आहे.

ही फोड आपल्या वाक्य-पृथक्करणासारखीच असते. प्रथम अक्षरांच्या ओळीतून शब्द सुटे केले जातात. हे नाम, हा अंक, हे गुणाकाराचे चिन्ह. प्रत्येक जातीच्या चिन्हाला एक नाव दिलेले आहे. त्यात दोन विसर्गांसारख्या एका जोडचिन्हाचे नाव ह्या इस्राएली तरुणांनी आपल्या हिब्रू भाषेतील ठेवले: पामायिम नेकुदोतायिम. पुढे कित्येक वर्षे जगभरच्या नवशिक्यांना चुकीच्या सूचनेत हा शब्द दिसे, आणि कोणालाच काही उमगत नसे. आपली मातृभाषा यंत्रात घुसविण्याचा हा मार्ग मला मोठा गमतीचा वाटतो.

शब्द सुटे झाल्यावर व्याकरण लावून त्यांचे एक झाड तयार होते: कोणती क्रिया कोणावर अवलंबून, हे दाखविणारे. मग त्या झाडावरून एकेक पायरीच्या लहान लहान आज्ञा लिहिल्या जातात. त्यांना ओपकोड म्हणतात. घोलवडच्या चिकूच्या एका पेटीचा दर आणि पेट्यांची संख्या ह्यांचा गुणाकार करून छापा, असे संहितेत एका ओळीत लिहिलेले असेल, तर ओपकोडात ते असे होते: दर आणि संख्या ह्यांचा गुणाकार कर, उत्तर तात्पुरत्या जागी ठेव; त्या जागेत असेल ते छाप; परत जा. भाषांतर करणारा थोडासा शहाणाही असतो. २४ गुणिले ६० असे कोणी लिहिले असेल, तर तो भाषांतराच्या वेळीच १४४० हा आकडा लिहून टाकतो. पुढे तो गुणाकार पुन्हा करावा लागत नाही.

शिक्षकबंधूंना हे ऐकून पाठाच्या टाचणाची आठवण झाली असेल. पुस्तकातील धडा म्हणजे संहिता, त्यावरून वर्गात करावयाच्या कृतींचे मुद्देसूद टाचण म्हणजे ओपकोड, आणि प्रत्यक्ष तास घेणे म्हणजे ते चालविणे.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. पीएचपीच्या मूळ रीतीप्रमाणे तास संपला की टाचण फाडून टाकावयाचे! एका वाचकाने पान मागितले. संहिता उघडली, शब्द सोडविले, झाड केले, आज्ञा लिहिल्या, त्या चालविल्या, पान पाठविले, आणि सर्व पुसून टाकले. दुसऱ्याच क्षणी दुसऱ्या वाचकाने तेच पान मागितले, तर पुनश्च हरिः ओम्. संहितेत एका अक्षराचाही बदल झालेला नसतो. तरी भाषांतर पहिल्यापासून. मोठ्या संकेतस्थळाचे एक पान घडविण्यास शेकडो संहिता उघडाव्या लागतात. मग निकालाच्या दिवशी एकाच घटकेला हजारो मुले दाराशी आली म्हणजे त्या यंत्राची काय तारांबळ उडत असेल, ह्याची कल्पना करावी.

तथापि ह्या विसराळूपणास केवळ दोष म्हणणे अन्यायाचे होईल. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांनी रासायनिक कारखान्यात काम केले आहे, त्यांना माहीत आहे की, एक घाणा उतरला की रिअ‍ॅक्टर धुऊन काढतात, मागचा अंश पुढच्या मालात मिसळू नये म्हणून. पीएचपीचे तसेच आहे. एका वाचकाच्या मागणीत काही बिघाड झाला, स्मृतीत काही कचरा साचला, तरी तो त्या मागणीबरोबरच धुऊन जातो. दुसऱ्याच्या पानात त्याचा डाग उतरत नाही. ह्याउलट नोडसारख्या पद्धतीत, जी २००९ साली निघाली, एकच प्रक्रिया अखंड चालू राहते, भाषांतरित आज्ञा तिच्या स्मृतीतच राहतात, आणि वेगही उत्तम मिळतो; पण तेथे हलगर्जी झाली तर साचलेला कचरा दिवसेंदिवस वाढत जातो. नवशिक्या माणसाच्या हातून घडणाऱ्या कामाला धुऊन काढण्याची रीतच बरी, असे माझे मत आहे. पीएचपी गावोगाव पसरली ती बहुतांशी ह्याच गुणावर.

धुणे राहू द्यावे, परंतु टाचण तेवढे वाचवावे, असा मध्यममार्ग निघाला, तोच आपल्या विवेचनाचा मुख्य भाग. भाषांतर झालेले ओपकोड एका सामाईक स्मृतीत ठेवून द्यावयाचे. ह्या साठ्यास कॅश म्हणतात. (बँकेतील रोकडीशी ह्याचा संबंध नाही, मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ लपविण्याची जागा असा आहे.) सर्व्हरवर काम करणाऱ्या अनेक प्रक्रिया असतात, त्या सर्वांना ह्या एकाच कपाटातून टाचण काढता येते. म्हणजे शिक्षकांच्या खोलीतील सामाईक कपाटच म्हणा ना! एकाने काढलेल्या टाचणावर दहा जण तास घेऊ शकतात. आधी ही सोय निरनिराळ्या लोकांनी केलेल्या वेगळ्या जोडण्यांतून मिळत असे. २०१३ च्या जूनमध्ये पीएचपीच्या ५.५ ह्या आवृत्तीबरोबर ऑपकॅश ह्या नावाने ती भाषेच्या सोबतच येऊ लागली. केवळ हे कपाट उघडल्याने, संहितेत काडीचाही फरक न करता, एकाच यंत्राला पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक वाचकांची सोय लावता येते.

पायथन भाषा असेच टाचण ठेवते, परंतु स्मृतीत नव्हे, चकतीवर. आणि त्या टाचणाच्या माथ्यावर मूळ संहिता केव्हा बदलली होती व ती किती लांब होती, ह्याची नोंद करून ठेवते. जावाच्या एका पद्धतीत पान पहिल्यांदा मागितले जाते तेव्हाच त्याचे भाषांतर होते; म्हणून पहिल्या वाचकाला ताटकळावे लागते, आणि मागून येणाऱ्यांचे फावते.

कपाटाबरोबर एक प्रश्न आपोआप उपस्थित होतो. पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली आणि कपाटात टाचण जुन्याच आवृत्तीचे राहिले, तर? ह्यासाठी ऑपकॅश मूळ संहितेवरील बदलाची वेळ तपासून पाहतो. नेहमीच्या मांडणीत ही तपासणी दोन सेकंदांच्या अंतराने होते. वेळ नवी दिसली की जुने टाचण बाद करून तो पुनः भाषांतर करतो. परंतु प्रत्येक तपासणीस थोडा वेळ लागतो. तो वाचवावा म्हणून काही व्यवस्थापक ही तपासणी अजिबात बंद ठेवतात. ह्यात गैर काही नाही. मात्र मग संहिता बदलल्यावर आपण होऊन कपाट रिकामे करणे किंवा सर्व्हरवरील सेवा पुनः सुरू करणे, हे त्यांचे कर्तव्य ठरते.

हे कर्तव्य चुकले म्हणजे काय होते, ह्याचे एक उदाहरण मी स्वतः पाहिले आहे. आमच्या जिल्ह्यातील एका संस्थेने वसतिगृह-प्रवेशाच्या मुलाखतीची तारीख दोन दिवस अलीकडे आणली. कारकुनाने संकेतस्थळाच्या संहितेत नवी तारीख लिहिली, फाइल चढविली, उघडून पाहिली. फाइलीत अक्षर न् अक्षर बरोबर होते. पण पडद्यावर तारीख जुनीच. त्याने ‘थोड्या वेळाने दिसेल’ असे म्हणून पुढचे काम हाती घेतले. तपासणी बंद होती, त्यामुळे थोड्या वेळाने काय, आठ दिवसांनीही ती दिसणार नव्हती. मोखाड्याकडील तीन मुली पहाटेची एस.टी. धरून, वडिलांचा एक दिवसाचा रोज बुडवून, त्या जुन्या तारखेस येऊन पोहोचल्या. तोवर जागा भरून गेल्या होत्या. त्यांनी मोबाइलात टिपून ठेवलेले पान कारकुनाला दाखविले, आणि कारकुनाने त्यांना फाइल दाखविली. दोघेही खरेच बोलत होते! बोईसरला नोकरी करणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याने सर्व्हरची ती सेवा बंद करून पुनः सुरू केली, आणि अर्ध्या मिनिटात नवी तारीख झळकली. मुलींपैकी दोघींची सोय पुढे महिन्याभराने झाली. तिसरी त्या वर्षी आली नाही.

अधिक वेगाच्या हव्यासाने लोक ह्याही पुढे गेले. टाचण वाचून तास घेण्याऐवजी धडा तोंडपाठच करावा, म्हणजे ओपकोडांचेही थेट यंत्राच्या स्वभाषेत रूपांतर करावे, हा तो विचार. फेसबुकने २०१० साली हिपहॉप नावाची योजना प्रसिद्ध केली. तीत सर्व पीएचपी संहितेचे सी प्लस प्लस भाषेत रूपांतर करून त्याचा एक प्रचंड कार्यक्रम बनवीत. वेग मिळाला, पण लहानशा दुरुस्तीसाठीही सगळा डोलारा पुनः रचावा लागे. तेव्हा त्यांनी तो मार्ग सोडून एचएचव्हीएम नावाचे दुसरे इंजिन केले, जे काम चालू असतानाच वारंवार लागणाऱ्या भागांचे रूपांतर करते. विकिपीडियाची सर्व पाने पीएचपीत लिहिलेल्या मीडियाविकी ह्या संहितेतून घडतात. २०१४ साली विकिपीडियाने हे इंजिन बसविले, तेव्हा लेखातील बदल जतन होण्यास लागणारा वेळ सुमारे निम्म्यावर आला. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. तोही त्याच सर्व्हरांवर असल्याने हा लाभ आपल्याकडील संपादकांनाही आयताच मिळाला. पुढे एचएचव्हीएमने पीएचपीशी फारकत घेतली, इकडे पीएचपीची सातवी आवृत्ती स्वतःच पुष्कळ वेगवान निघाली, आणि २०१९ साली विकिपीडिया माघारी पीएचपीवर आली.

२०२० च्या नोव्हेंबरात निघालेल्या आठव्या आवृत्तीत हे तोंडपाठ करणे पीएचपीनेही आत्मसात केले. त्यास जिट असे म्हणतात. नव्याचे कौतुक पुष्कळ झाले. परंतु साध्या संकेतस्थळाला त्याचा लाभ थोडाच. कारण पान घडविताना बहुतेक वेळ गणित करण्यात जात नाही; तो माहितीच्या कोठारातून नोंद येण्याची वाट पाहण्यात जातो. चौकशीच्या खिडकीतील कारकून कितीही चपळ असो, वही आतल्या खोलीतून यावयाची असेल तर त्याच्या चपळाईचा उपयोग काय? म्हणूनच ही सोय मूळ मांडणीत बंदच ठेवलेली असते. जेथे आकडेमोड भारी आहे तेथे ती जरूर वापरावी.

खरा मोठा लाभ होतो तो निराळ्याच युक्तीने. टाचण ठेवण्याऐवजी घडलेले पानच ठेवून द्यावे, म्हणजे संहिता चालविण्याचेच कारण उरत नाही. खात्यात प्रवेश न करता विकिपीडिया वाचणाऱ्यांस बहुधा असेच तयार पान मिळते. ही पाने वाचकाच्या जवळ असावीत म्हणून जगात निरनिराळ्या ठिकाणी साठे केलेले आहेत. आशियातील वाचकांसाठी सिंगापूर येथे २०१८ साली असा साठा उघडण्यात आला. कोणी लेखात बदल केला की त्या पानाची जुनी प्रत काढून टाकण्याचा हुकूम सर्व साठ्यांना सुटतो.

एका लेखापुरते हे सोपे आहे. पण १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला, तसा प्रसंग आला म्हणजे? पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा, विक्रमगड हे आठही तालुके एका रात्रीत एका जिल्ह्यातून दुसऱ्यात गेले. विकिपीडियात अशा अनेक पानांच्या तळाशी एकच सामाईक तक्ता असतो; त्याला मराठीत साचा म्हणतात. साच्यातील एक ओळ बदलली की तो जेथे जेथे आहे त्या सर्व पानांच्या साठविलेल्या प्रती शिळ्या होतात. सर्व एकदम घडवावयाची म्हटले तर सर्व्हर गुदमरेल. म्हणून ती कामे एका रांगेत उभी केली जातात, आणि यंत्र सवडीने एकेक उरकते. त्यामुळे काही काळ एका गावाचे पान नव्या जिल्ह्यात आणि शेजारच्या गावाचे जुन्याच जिल्ह्यात दिसणे शक्य असते. एखाद्या संपादकास तितका धीर नसला, तर पानाच्या पत्त्याच्या अंती शुद्धीकरणाची, म्हणजे ‘पर्ज’ची, आज्ञा जोडून ते एक पान तो तत्काळ नव्याने घडवून घेऊ शकतो.

राहिला शेवटचा साठा, आणि तो श्रोत्यांच्या स्वतःच्या घरी आहे. आपल्या संगणकातील किंवा मोबाइलातील ब्राउझरही पाहिलेली पाने व चित्रे जवळ ठेवून देतो, म्हणजे ती पुनः मागवावी लागू नयेत. एखाद्या सूचनेतील तारीख वा शुल्क ह्याविषयी संशय आला, तर संगणकावर कंट्रोल आणि एफ-५ ह्या दोन कळा एकदम दाबाव्यात; म्हणजे ब्राउझर आपला साठा बाजूस सारून सर्व्हरकडे नव्याने मागणी करतो. मोबाइलावर तेच पान खाजगी खिडकीत उघडून पाहावे. इतके करूनही शेजाऱ्याला एक तारीख व आपणांस दुसरी दिसत असेल, तर जुनी प्रत सर्व्हरकडील एखाद्या कपाटात राहिली आहे असे समजावे, आणि संस्थेस दूरध्वनी करून तारीख तोंडी विचारून घ्यावी, एस.टी.चे तिकीट त्यानंतर काढावे.